नडगीवरची पट्टी

पट्टी बांधलेला पाय शॉवरबाहेर काढून एदीस एका हाताने अंगाला साबण चोळत होती. शेजारी गावातल्या चार बायका उघड्या अंगाने उभ्या राहून कुणाच्या मेंढ्या डोंगरावरच राहिल्या याचा काथ्याकूट करत होत्या. पोहण्याच्या तलावात उतरण्याआधी कपडे काढून स्वच्छ आंघोळ, हा अख्ख्या आइसलंडचा शिरस्ता. तिथे कुणी कुणाला लाजत नाही. एदीस मात्र भिंतीकडे तोंड करून उभी होती.

काल तिच्यामुळेच गावचा फुटबॉल संघ जिंकला आणि पहिल्या श्रेणीत टिकला होता. शेवटच्या मिनिटाला ती गोलसमोर पडली, नडगी धरून विव्हळली आणि पेनल्टी मिळाली. पाहुण्या संघाच्या राग्नाला दुसरं पिवळं कार्ड दाखवलं गेलं, म्हणजे ती पुढच्या सामन्यालाही बाद. राग्ना छत्तीस वर्षांची. येत्या शनिवारी घरच्या मैदानावर निरोपाचा सामना खेळून ती थांबणार होती. आता तो तिला बाहेर बसून बघावा लागणार होता. आणि एदीसला तिचा पाय लागलाच नव्हता.

आज घरी बसूनही भागलं नसतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा संघ तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात बसतो. एक जण दिसली नाही की गाव चौकशी करतं.

"पट्टी काढ, पोरी," देखरेख करणारी स्टेनुन दारातून म्हणाली. "पट्टीसकट पाण्यात सोडायची नाही मी. पेनल्टी मिळवलीस म्हणून नियम बदलत नाहीत."

"मी नुसती आंघोळ करून जाते."

"थांब, मी सोडते हळूच," मागून कुणीतरी म्हणालं.

राग्नाच होती. वाऱ्यामुळे डोंगरावरचा रस्ता बंद झाला होता आणि पाहुण्या पोरी शाळेच्या हॉलमध्ये झोपल्या होत्या, हे एदीसला ठाऊक होतं. त्या पोरी सकाळी इथे येतील हे काही तिला सुचलं नव्हतं.

राग्ना तिच्यासमोर खाली बसली.

"रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही बघ. मला तर काही लागल्यासारखं वाटलंच नव्हतं. पण तू अशी ओरडलीस... वय झालं गं, आपला पाय कुठे पडतो तेही कळेनासं झालंय. थांबतेय तेच बरं. माफ कर मला."

एदीसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय मागे ओढायचंही तिला सुचलं नाही. पट्टीचे वेढे सुटत गेले. आतली नडगी स्वच्छ होती, साधा ओरखडाही नव्हता. राग्नाने तिच्यावरून बोट फिरवलं. मग तिने दुसरा पाय पाहिला, न जाणो आपलीच काही चूक होत असेल म्हणून.

"किती सुजलंय गं?" बायकांपैकी एकीने मान लांबवली.

राग्नाने पट्टी उचलली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"बरंच लागलंय," ती म्हणाली. "आज पाण्यात नको."

एदीसकडे न बघताच ती उठून गेली. तिने चारचौघींत शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. हे झाकणं एदीसला सोसवेना.

बायका गेल्यावर तिने पट्टी सोडून कचऱ्यात टाकली, पोहण्याचा पोशाख चढवला आणि बाहेर आली. कुंडात दोन्ही संघांच्या मुली गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. राग्ना पलीकडच्या कडेला होती.

"सरका गं," कप्तान म्हणाली, "तिचा पाय दुखतोय."

मुली सरकल्या. एदीस पायरीवरच उभी राहिली. वारा ओल्या अंगाला झोंबत होता.

"नाही दुखत," ती म्हणाली.

"काय?"

"नाही दुखत. काल पण दुखत नव्हता. राग्नाचा पाय लागलाच नाही मला."

 तिच्यासाठी केलेली जागा तशीच रिकामी होती, आणि तिथे बसावं की नाही, ते तिला कळेना.