पहिल्या पोत्याची परखी

"पहिल्या पोत्याला हात लावलास तर हात तोडून ठेवीन," उकंडराव म्हणला.

"तोडा. पण आधी परखी घालू द्या," संतराम म्हणला.

ती परखी म्हंजे मी. मित्रांनो, मी एक जुनी परखी हाय, हिंगोलीच्या मोंढ्यातली, म्हंजे धान्याच्या बाजारातली. वीतभर लांब, पोकळ, पुढून टोकदार. पोत्यात खुपसली की आतली ज्वारी माझ्या पोटातून घरंगळत मुठीत येती. पोतं न सोडता आतलं दाखवायचं, एवढंच माझं काम. अल्लाबक्ष लोहारानं मला तापवून, ठोकून घडवलं. घडवताना गोंजारलं कुणीच न्हाई, म्हणून गोड बोलणं मला जमत न्हाई. ऐकायचं तर ऐका.

उकंडराव अडत्या हाय. गावागावाचा माल त्याच्या दुकानापुढं उतरतो आन तो व्यापाऱ्याला विकून देतो. मी त्याच्याकडं आले तवा तो मला तेलाच्या फडक्यानं पुसायचा, लोकांला सांगायचा, "असली परखी जवळा गावच्या बाजारातबी न्हाई." पुढं माझ्यावर गंज चढला तरी बघायला त्याला सवड नव्हती.

आमच्या मोंढ्यात एक रीत हाय. माल उतरला की पहिल्या पोत्यातली परखीभर ज्वारी औंढ्याच्या नागनाथाची. ती ज्वारी टोपल्यात टाकायची आन वर फडकं झाकायचं. तिच्याकडं बघायचं न्हाई, देवाचं हाय ते. भाव ठरायचा दुसऱ्या पोत्यापासून. मी मात्र त्या पहिल्या पोत्यात रोज शिरायची. आत काय हाय ते मला ठाऊक व्हतं. पण मला कोण इचारतंय?

संतराम त्याचाच पोरगा, हैद्राबादला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. त्याला लंडनला जायचं व्हतं. मूठभर दाण्यावरून अख्ख्या थप्पीचं सांगायचं, ह्या विद्येला संख्याशास्त्र म्हणतात म्हणं, आन तिथं त्यातली डॉक्टरकी मिळती. मंजुळाबाई, त्याची माय, म्हणली, "डॉक्टर व्हऊन राहिलास तर आधी माझ्या गुडघ्याचं बघ." पोरगं चिडलं. "ती डॉक्टरकी न्हाई, माय." "मग काहून इतक्या लांब चाललास?" बाईनं बराबर इचारलं व्हतं. शेजारच्या दुकानातून खाजा मिया अडत्या रोज टोचायचा, "क्या रे संतराम, विलायत में जवारी के बोरे गिनने जाता क्या?"

तकलीफ लई व्हती. तिथलं शिक्षण उर्दूत, म्हणून मार्कांचे कागदबी उर्दूत, ते इंग्रजीत करून घ्यायचे. प्रोफेसर साहेबाची शिफारस पाहिजे. आन सोताचं एक काम पाठवायचं. ते काम त्यानं माझ्याकडून करून घेतलं. सुटीत एकेका पोत्यात मला खुपसायचा, शंभर दाणे मोजायचा, त्यातले किडके किती ते लिहायचा.

साहेबानं ते वाचलं आन टेबलावर आपटलं. "तुझी पोती दोनपासून सुरू होतात. एक कुठं गेलं?"

"साहेब, ते देवाचं असतंय."

"मग शिफारसही देवाकडूनच घे."

पोरगं जलमापासून मोंढ्यात वाढलेलं. पहिलं पोतं म्हंजे पोतंच न्हाई, असंच त्याला वाटायचं. इतकी बुकं वाचून हे सुधरलं न्हाई. साहेबानं बजावलं, विलायतेची डाक निघायच्या आत पहिल्या पोत्यांचे आकडे आण, न्हाईतर नाव काढू नको. म्हणून हे हैद्राबादहून पळत आलं, आन आल्या आल्या बापासंग ते हात तोडायचं भांडण.

त्यानं मला पहिल्या पोत्यात घातलंच. बाहेर आली ती काळी, पोखरलेली ज्वारी. सोंडे किडे हातावर चालायला लागले. मोंढ्यातली माणसं गोळा झाली, खाजा मियाबी हसत आला.

"झाक ते," उकंडराव म्हणला.

"आबा, तुमाला ठाऊक व्हतं."

"अख्ख्या मोंढ्याला ठाऊक हाय. गाडीवाले सडकं पोतं मुद्दाम पुढं लावतेत, देवाच्या नावावर तेबी चांगल्याच्या भावात खपतंय. मी एकट्यानं तोंड उघडलं तर माल उद्या ह्या खाजा मियाच्या दारात उतरंल."

"मेरेकू कायकू घसीटते जी," खाजा मिया म्हणला. पण हसणं थांबलं त्याचं.

"आकडे लिही. दुकानाचं नाव लिहू नको," उकंडराव म्हणला.

"माल कुठला म्हणून इचारतील. खोटं लिहू?"

"मग घरात पाय ठेवू नको."

संतराम दुकानाच्या पायरीवर बसला. जी गाडी येईल तिच्या पहिल्या पोत्यात मला घालायचा. शिव्या पडल्या. एका गाडीवाल्यानं मला हिसकलं आन दगडावर फेकलं. माझं टोक वाकडं झालं. संतराम मला घेऊन नुसता बसून राहिला. आता डाक चुकणार असं त्याच्या तोंडावर दिसत व्हतं.

तवा उकंडराव गादीवरून उठला. लोखंडी वजन आणलं, मला पायरीवर धरलं आन ठोक ठोक सरळ केलं.

"वाकडी परखी माल कमी काढती," तो म्हणला. पोराकडं बघितलं न्हाई. "तुझे आकडे चुकतील."

मग पुढं लावलेल्या पोत्याचं तोंड त्यानं सोताच्या हातानं धरलं. गाडीवाला बोलायला लागला तर त्याच्यावरच खेकसला, "जायचं तर जा तिकडं." दोन गाड्या वळून खाजा मियाकडं गेल्याबी. दिवस मावळंपर्यंत बाप पोतं धरायचा, लेक मोजायचा.

निघताना संतराम मला खुंटीला लावायला गेला.

"घेऊन जा ती," उकंडराव म्हणला. "हितं राहिली तर मी परत दोनपासून सुरू करीन. आन नाव लिही. उकंडराव अडत्या, हिंगोली. बराबर लिही, चुकू नको."

मित्रांनो, अवजार फेकायचं नसतं. गंजलं तर पुसा, वाकलं तर ठोका, पण त्यानं दाखवलेलं झाकू नका, न्हाईतर कशाला ठेवता आमाला? अजून लई बोलायचं व्हतं मला. पण टेशनात गाडी लागली, हा पोरगा मला कोटाच्या खिशात कोंबून राहिला. निघते मी.