भिंतीपलीकडची वाटी

आई स्टुलावर चढली, एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्या हाताने वाटी पलीकडे दिली. पलीकडून शिवणकामवाल्या बाईंचा सुरकुतलेला हात वर आला. बोटात अंगुस्तान तसंच होतं.

मुलगा कामावरून लवकर परतला होता. तो स्वयंपाकघराच्या दारातच थांबला, हाक मारली असती तर आई दचकून पडली असती.

ही वसाहत त्यानेच आखली होती, आणि भिंतीपलीकडचीही. दारावरून परक्यांच्या गाड्या नकोत ही घर घेणाऱ्यांची हौस, म्हणून आतल्या सगळ्या गल्ल्या बंद. शहर पसरत गेलं तशा अशा वसाहती तो एकीपुढे एक मांडत गेला. कागदावर सुरेख दिसायच्या, फक्त एकीतून दुसरीत जाता येत नसे. स्वतःचं घरही त्याने मोठ्या ऐटीत गल्लीच्या टोकाला घेतलं. इथे कुणी त्रास द्यायला यायचं नाही, असं त्याने आईला सांगितलं होतं. खरंच कुणी आलं नाही.

बाईंकडे जायला आई एकदाच निघाली होती. हाकेच्या अंतरावरच्या घरासाठी थेट हमरस्त्यापर्यंत द्राविडी प्राणायाम, आणि तिथे चालायला कडेची जागाच नाही. शेवटी कुणी भल्या माणसाने तिला गाडीतून परत आणून सोडलं. तेव्हापासून हे स्टूल.

"मी लेकीकडे चालले, कायमची," बाई म्हणाल्या. "नजर कमी झाली. एवढं फिरून दुकानापर्यंत जाणं आता होत नाही."

पलीकडे वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे रस्ते ज्याने काढले ना, त्याला आई नसणार बघा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आई सांगणार, त्याने मान खाली घातली. बसच्या कंडक्टरलाही "माझा मुलगा शहरं आखतो" असं ऐकवणारी ती.

"तुमचा मुलगा कशात असतो? कधी बोलला नाहीत."

"कापडाच्या दुकानात," आई म्हणाली. "चांगला आहे हो."

स्टूल डुगडुगलं. तो धावत पुढे झाला आणि त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आईने खाली पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"लवकर आलास?"

पलीकडे बाई अजून उभ्याच होत्या.

"हो," तो म्हणाला, तिकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "आज दुकान लवकर बंद केलं."