शंकेची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण माझ्यावर कोणी आरामात बसलंय असं फारसं घडलेलं नाही. यात सुताराचा दोष नाही. त्याने मला मन लावून घडवलं होतं. मुरलेलं लाकूड, हातांना गोलाई, पाठीला उभ्या पट्ट्या आणि चारही पाय सारखे. दुकानात लोक म्हणायचे, "बसावं तर हिच्यावर!" माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मला विकत घेतलं सरांनी. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत. दर आठवड्याला संध्याकाळी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत वर्ग भरे. ख्रिस्ती श्रद्धेवर कोणी बोट ठेवलं तर त्याला काय उत्तर द्यायचं, हे तिथे शिकवलं जाई. मला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी करवत घेऊन माझा मागचा एक पाय बोटभर कापला.

"अहो, नवी कोरी खुर्ची!" त्यांची बायको म्हणाली. "डुगडुगेल ना ती."

"डुगडुगू दे. शंकेला बूड नसतं, हे बसणाऱ्याला कळायला हवं."

असं माझं बारसं झालं. वर्गातल्या एकाने दर वेळी माझ्यावर बसायचं आणि नास्तिकाची बाजू घेऊन प्रश्न विचारायचे. बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, ती कमी पडली तर सरांनी. "माझं समाधान झालं" असं म्हटल्याशिवाय बसणाऱ्याने उठायचं नाही आणि तोवर वर्गही सुटायचा नाही, असा नियम होता.

खोटं कशाला बोलू? मला मजा यायची. पाय कापलेल्याला दुसऱ्याची धडपड गोडच लागते. औषधांच्या दुकानाचे मालक बसले की त्यांचा घाम माझ्या हातांवर उतरे. चर्चमधल्या सिस्टर एकदा रडवेल्या होऊन "झालं हो समाधान, झालं" म्हणत उठल्या होत्या, तेव्हा सगळे पोट धरून हसले.

सरांचे मुद्दे कच्चे नव्हते, हेही सांगते. "ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत. "ही खुर्ची आपोआप झाली का?" मी आपोआप झाले नव्हते, पण माझ्या कापलेल्या पायाचं कारण कोणी विचारलं नाही. विज्ञानावर आले की सांगत, "विश्वाची मापं केसभर इकडची तिकडे झाली असती, तर ना तारे असते ना आपण." इतिहासात तर त्यांना कोणी हरवूच शकत नसे. "मेलेला येशू उठला, तेव्हा त्याची रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली. त्या काळी बाईच्या साक्षीला कवडीची किंमत नव्हती. गोष्ट रचणारा माणूस साक्षीला बायका कशाला उभ्या करील?" सगळे माना डोलवत. तेव्हा सरांची बायको, म्हणजे वर्गाच्या काकू, चहाचा ट्रे धरून दारात ताटकळत असायच्या. त्यांना आत या म्हणायचं कोणाला सुचत नसे.

सरांची एक शिकवण मात्र वर्गाला तोंडपाठ होती. समोरच्याचा प्रश्न आधी आपल्या शब्दांत मांडायचा, त्याच्याहून चांगला मांडायचा आणि मगच उत्तर द्यायचं. त्यामुळे समोरच्यावर अन्याय होत नाही, असं सर म्हणत.

त्यांना एकच मुलगा होता, दहा वर्षांचा, दमेकरी. एका दुपारी सर परगावी एका नामवंत नास्तिकाशी जाहीर वाद घालायला गेले होते आणि इकडे मुलाला धाप लागली. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून काकूंनी त्याला माझ्यावर ताठ बसवलं. मी डुगडुगले तसा तो घाबरला. काकूंनी पटकन टॉवेलची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. माझे चारही पाय पुन्हा जमिनीला लागले ते त्या दुपारी.

"बाबा... बाबांना बोलवा," तो दर श्वासाला म्हणत होता.

काकूंनी सभागृहात फोन लावून सरांना फोनवर बोलावून घेतलं. सरांचा आवाज सभा गाजवणारा, त्यामुळे तो मलाही ऐकू आला.

"अगं, आता माझ्या उत्तराची पाळी आहे. हॉल खच्चून भरलाय. तेवढं उरकतो आणि निघतो. डॉक्टरांना बोलव."

"बोलावलेत. तो तुम्हालाच बोलावतोय."

"आलोच म्हटलं ना!"

उत्तर उरकलं. मग लोकांचे प्रश्न झाले, मग हार झाले. त्या नास्तिकाची बोलती बंद झाली म्हणे. मुलाला माझ्यावरून उचलून दवाखान्यात नेलं आणि तो परत आला नाही. सर पोचले तेव्हा चेहऱ्यावर चादर ओढून झाली होती.

"देवाची इच्छा," सर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाले. काकूंनाही तेच म्हणाले. पुन्हा वर्ग सुरू झाला त्या दिवशी त्यांनी माझ्या पायाखालची टॉवेलची घडी काढून बाजूला फेकली.

काकूंना सरांकडून फक्त एक वाक्य हवं होतं: मी यायला हवं होतं. जेवताना त्यांनी विषय काढला, तर सर ताट सारून उठत. चर्चमधून परतताना काढला, तर पुढे झपाझप चालू लागत. वर्ष असंच गेलं. घरात एकच जागा अशी होती, जिथे बसून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागे. एका संध्याकाळी काकूंनी चहाचा ट्रे ठेवला आणि त्या माझ्यावर येऊन बसल्या.

"अरे वा, आज काकू!" औषधवाले म्हणाले. टाळ्या पडल्या.

काकूंनी पदराने हात पुसले. "पोरगा हाका मारत होता. मी फोन केला. तुम्ही का नाही आलात?"

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी घसा खाकरला आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "प्रश्न आधी नीट मांडू या. निष्पाप जीव यातनेत हाका मारतो, तेव्हा देवबाप गप्प का राहतो?"

वह्या उघडल्या.

"मी देवाचं विचारलं नाही," काकू म्हणाल्या.

"अगदी बरोबर. प्रश्न विचारणारा कित्येकदा देवाचं नाव घेत नाही. त्याचा राग माणसाच्या आड लपलेला असतो."

मग सर जे बोलले, तसे ते पूर्वी कधी बोलले नव्हते. मुलाला सुई टोचू देणाऱ्या आईचा दाखला दिला. वधस्तंभावरून देवाच्या पुत्राने, येशूने, मारलेल्या हाकेलाही त्या घटकेला उत्तर आलं नव्हतं, हे सांगितलं. निसर्गाचे नियम अटळ नसते तर जगात कशाचाच भरवसा उरला नसता, असं विज्ञानही काढलं. सिस्टर डोळे पुसत होत्या. शेवटी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काकूंच्या हाताची नखं माझ्या लाकडात रुतली होती.

"म्हण आता," सर हळू आवाजात म्हणाले. "लोकांना घरी जायचंय."

"काय म्हणू?"

"समाधान झालं म्हण."

"देवाबद्दल माझं समाधान आहे," काकू म्हणाल्या. "कधी गेलंच नव्हतं. पोराचे हात धरून मी देवालाच हाका मारत होते, आणि तो तिथे होता, असं मला अजून वाटतं. तुम्ही नव्हता. माझा प्रश्न तुम्हाला आहे."

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी ओठ ओले केले.

"म्हणजे तुझं म्हणणं असं की—"

काकू उठल्या. नियम मोडून माझ्यावरून उठलेल्या त्या पहिल्याच. त्यांनी कपबशा गोळा करून धुऊन ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी भावाकडे निघून गेल्या. पोचवायला सिस्टर गेल्या होत्या. सरांचं त्या दिवशी व्याख्यान होतं.

त्यांचा प्रश्न मात्र घरातच राहिला, सरांच्या शब्दांत. "निष्पाप जीव हाका मारतो तेव्हा देवबाप गप्प का?" वर्गाला तो फार आवडतो. नवा विद्यार्थी आला की पहिल्यांदा त्याला हाच प्रश्न देतात. तो माझ्यावर बसतो, आवाज कापरा करून विचारतो, सुईचा दाखला येतो, वधस्तंभ येतो, टाळ्या पडतात. हा निष्पाप जीव कोण होता, हे नव्यांना ठाऊक नसतं. जुन्यांना ठाऊक आहे आणि तेही टाळ्या वाजवतात. मला आता मजा येत नाही.

मित्रांनो, देवासाठी खुशाल वाद घाला. पण घरच्या माणसाने "तुम्ही का नाही आलात?" असं विचारलं, तर त्याचा प्रश्न सुधारायला जाऊ नका, आणि देवाला मध्ये उभं करून त्याच्या मागे लपू नका. आहे तसा ऐका आणि "चुकलो" म्हणा. काकू भावाच्या घरी त्या एका शब्दाची वाट पाहत आहेत. इथे सर या आठवड्यात सगळ्या शंकांची उत्तरं देणार आहेत.