भगरीचं पीठ

चंद्रभागाबाईंच्या हातचं खाऊन कुणाला बाधलं, असं गल्लीत कुणी म्हणून तर दाखवावं! दुकानातल्या पिठाला नाकं मुरडत त्यांनी भगर आषाढीलाच दळून आणली होती अन् पीठ बरणीत दाबून ठेवलं होतं. आज नवरात्राच्या तिसऱ्या माळेला त्यातलंच वाडगाभर शेजारच्या वच्छलाबाईला देताना टोमणाही हाणला, "घे बाई, तुझ्या भाकरीला तेवढीच चव यील."

अन् आता भरदुपारी सून रोहिणी उंबऱ्यात ओकत होती. हातपाय लटलटत होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. लेक शहादेवनं बायकोला जीपमधी निजवलं, चौसाळ्याच्या डॉक्टरला फोन लावला अन् आईच्या हातात दिला.

"काय खाल्लं होतं, आजी?"

"भगरीची भाकर. घरचीच."

"पीठ कधीचं?"

"आषाढीचं."

"तीन महिने? पावसाळ्याच्या दमट हवेत पिठाला बुरशी धरते. डोळ्यांना दिसत नाही, पण तिचं विष तव्यावर भाजूनही जात नाही. आणखी कुणी खाल्लंय?"

"कुनी न्हाई," चंद्रभागाबाई बोलून गेल्या. त्यांचा स्वतःचा उपास नुसत्या दुधावर होता अन् शहादेव उपास धरत नव्हता.

जीप गेली. त्यांनी बरणी उघडली. पीठ पांढरंशुभ्र. वास न्हाई, जाळी न्हाई, पोरकिडासुद्धा न्हाई. डॉक्टरला काय कळतं, असं मन म्हणत होतं. तेवढ्यात भिंतीपल्याड भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. थाप, थाप. सांगावं, तर उद्या गल्ली म्हणणार, सासूनं सुनेला विष घातलं. न सांगावं तर...

थापणं थांबलं. थोड्या वेळानं भाजल्या भाकरीचा वास आला. भाकर ताटात पडली असणार.

चंद्रभागाबाई अनवाणीच पळाल्या.

"वच्छले! टाक ती भाकर!"

वच्छलाबाईच्या हातात अर्धी भाकर होती. समोर नात मोहिनी ताट घेऊन बसलेली. ओरडा ऐकून दारात चार बाया जमल्या.

"कावून गं? आता माझी भाकर बी खुपती का तुला?"

"पीठ नासलंय."

"कुनाचं पीठ?"

चंद्रभागाबाईंनी दाराकडं पाहिलं. दारातल्या बायांचे कान टवकारलेले.

"माझं. माझ्या हातचं. रोहिणीला दवाखान्यात न्हेलंय. टाक म्हन्ते ना, भवाने!"

वच्छलाबाईनं भाकर भिरकावली अन् नातीच्या तोंडात बोट घातलं. "गिळलंस का गं?"

"दोन घास, आज्जे."

समोरच्या बजरंगनं मोटारसायकल काढली. पोरीला मधी घेऊन वच्छलाबाई मागं बसली, पण बघ्या बायांचा घोळका गाडीपुढंच उभा. चंद्रभागाबाईंनी एका बाईचा फोन जवळजवळ हिसकावलाच अन् डॉक्टरला लावायला सांगितला.

"डाक्टर, मगाशी खोटं बोलले मी. आनखी एका पोरीनं खाल्लंय. माझंच पीठ हाय. गाडीवर येतीया ती, दारातच उभे ऱ्हावा."

फोन परत देताना त्यांनी बायांकडं वळून पाहिलं.

"ऐकलं ना समद्यांनी? मंग वाट सोडा की त्या गाडीची, टवळ्यांनो!"