फ्यूज उडतोय

पहाटे आम्रपालीनं बटण दाबलं आणि धुक्याचे दिवे पुन्हा लागले नाहीत, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं आधी सिद्धूच उभा राहिला.

जतहून सांगलीला डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण ती करायची. बनुबाई आणि धोंडीबा हे दोघं तिचे कायमचे. पूर्वी ते त्याच स्टँडवरच्या ड्रायव्हरच्या, सिद्धूच्या, गाडीतनं जायचे, पण तो गाडी लय पळवतो म्हणून बनुबाईंनी गाडी बदलली आणि त्यांच्या मागं धोंडीबाही आले. तेव्हापासून सिद्धूचं हसणं तिला सरळ वाटत नव्हतं. दोघांच्या गाड्या स्टँडमागच्या चिंचेखाली शेजारी-शेजारी उभ्या असायच्या.

कवठेमहांकाळ मागं पडलं की कालव्याच्या कडेनं धुकं दाटायचं. जुने दिवे नुसते मिणमिणायचे. म्हणून माधवनगरला गॅरेज असलेल्या मावसभावाकडून, कपिलकडून, तिनं जास्त उजेडाचे पिवळे दिवे बसवून घेतले. हे दिवे करंट जास्त ओढतात, जुन्या वायरीला झेपायचे नाहीत, म्हणून कपिलनं बॅटरीपासून वेगळी जाड वायर काढली, मधे रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा खटका, टाकला आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला.

पहिल्या फेरीला रस्ता लख्ख दिसला. दुसऱ्या फेरीला पहाटे अंधार. बघते तर फ्यूज जळालेला. नवा घातला, पुढच्या फेरीला तोही जळालेला.

“चालू हाय नव्हं लाइट?” शेजारच्या गाडीची काच पुसत सिद्धूनं विचारलं.

याला कसं कळलं? आम्रपालीनं उघडं बॉनेट आपटून लावलं. मागच्या फेरीला परतताना सगळं ठीक होतं, असं ती धरून चालली होती. खरं तर परतीला ऊन असायचं, दिवे लावायची वेळच यायची नाही. पण संशय एकदा मनात शिरला की माणूस असल्या गोष्टी बघत नाही.

तिनं कपिलला फोन केला.

“फ्यूज उडतोय म्हंजी वायर कुठंतरी पत्र्याला लागतीय,” कपिल म्हणाला. “गाडी घेऊन ये. तवर ते दिवे वापरू नको.”

“वायर कशाला लागंल? रातीत कोणतरी हात घालतंय.”

“फ्यूज असा हात घालून जळत न्हाई, आम्रे.”

तिला कपिलचाही राग आला. स्वतःचं काम कच्चं आणि मलाच शिकवतो! त्या संध्याकाळी तिनं जळालेल्या फ्यूजच्या दोन्ही पायांना तांब्याची तार गुंडाळून करंट थेट जोडला, तो जागेवर बसवला आणि वरून काळी टेप घट्ट मारली. आता काढ म्हणावं.

पुढच्या फेरीला दिवे झकास लागले. बनुबाई पुढं बसल्या होत्या, धोंडीबा मागं डुलक्या घेत होते. कवठेमहांकाळच्या पुढं तिनं आरशात बघितलं, तर मागं सिद्धूची गाडी. या रस्त्याचं भाडं त्याला रोज थोडंच मिळतं? आज बरोबर माझ्याच मागं कसा?

सिद्धूनं हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली नाही. मग तो उजवीकडनं पुढं आला आणि खिडकीतनं हात हलवत त्यानं तिच्यापुढं गाडी आडवी घातली. आम्रपालीनं करकचून ब्रेक दाबला. शिवी ओठांवर आली होती, तेवढ्यात बनुबाई म्हणाल्या, “आगं, कायतरी जळतंय बघ!”

बॉनेटच्या फटीतनं धूर येत होता.

तिनं दिव्यांचं बटण बंद केलं. धूर थांबेना. गाडी बंद केली, तरी थांबेना. बनुबाईंना उतरवून तिनं मागचं दार उघडलं, तोवर सिद्धूनं धोंडीबांना दंडाला धरून बांधापाशी नेलं होतं.

“बॅटरी तोड! पाना हाय का?” तो ओरडला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचाच पाना घेऊन आला. दोघांनी मिळून बॉनेट उचललं. वायरीवरचं प्लास्टिक वितळून ठिबकत होतं. तिनं ओढणीनं नाक झाकलं आणि सिद्धूनं बॅटरीची काळी वायर सोडवली. हळूहळू धूर विरला.

“तुझ्या गाडीखालनं धूर निघताना दिसला मला,” तो म्हणाला. “हॉर्न मारून मारून दमलो.”

पेशंटांची वेळ चुकवून चालणार नव्हतं. सिद्धू म्हणाला, “मिरजेला भाडं आणाय रिकामाच चाललोय. मी नेतो दोघास्नी.” त्याही वेळी तिच्या मनात आलंच, की आता ही दोघं परत माझ्याकडं येत नाहीत. तरी तिनं स्वतः त्यांना त्याच्या गाडीत बसवलं.

गॅरेजवर ओढून आणलेल्या गाडीचं बॉनेट कपिलनं उघडलं. टेप सोलून त्यानं तांब्याची तार बाहेर काढली.

“कुणी केलं हे?”

“मी.”

त्यानं बोट दाखवलं. बॅटरीकडनं रिलेकडं जाणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. “हिथं वायरीवर पाइप चढवायचा राहिला, ही माझी चूक. म्हणून फ्यूज उडत होता. तो उडत होता म्हणून गाडी वाचत होती. तार घालून तू त्याचं तोंड बांधलंस.”

वायर गाडी चालतानाच पत्र्याला लागत होती, परतीच्या उन्हात फ्यूज उडत होता आणि तिला कळत होतं पहाटे. चिंचेखाली रात्री कुणीच आलं नव्हतं.

कपिलनं नवी वायर पाइपात घालून धारेपासून लांब बांधली आणि फ्यूज बसवला. गाडी घेऊन ती दुपारी दवाखान्यात पोचली, तेव्हा सिद्धू फाटकाशी चहा पीत होता.

“सिद्धू, मला वाटलं होतं, माझे दिवे तूच बिघडवतोस.”

“वाटलं असंल,” तो म्हणाला. “मला पेशंट पायजेत, ते काय खोटं न्हाई. पण माणसं बसल्याली गाडी जाळून न्हाई पायजेत.”

दारातनं बनुबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. दोन्ही गाड्यांकडं त्यांनी पाळीपाळीनं बघितलं. “दिवं नीट झालं का गं?”

“व्हय. बॉनेट उघडून दावू का?”

“दाव,” बनुबाई म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात टेकून त्यांनी आत वाकून बघितलं.