आबा, येतो म्हणा

आमचे आबा रिक्षात बसत न्हाईत. रिक्षात बसलं की बाजार दिसत न्हाई, नुसती ड्रायव्हरची मान दिसते, असं त्यांचं म्हणणं. आबा म्हणजे माझे सासरे, रखमाजी. उभी हयात पिंपळगाव रेणुकाईला शेती केली अन् सासूबाई गेल्यावर आमच्याकडं जुन्या जालन्यात राहायला आले. तेव्हापासून रोज पूल ओलांडून नव्या जालन्याच्या बाजारात जायचं, हा त्यांचा नेम. जायचं कशानं? जे मिळंल त्यानं. पाण्याच्या जारचा टेम्पो, कांदे उतरवून चाललेला रिकामा हातगाडा, बँडवाल्यांची गाडी. मागल्या वर्षी तर गणपतीच्या ट्रॅक्टरवर मूर्तीच्या शेजारी बसून आले. देवाच्या पाया पडणारे लोक ह्यांच्याही पाया पडत होते, अन् हे खुशाल आशीर्वाद देत होते.

आबांनी हात केला की काहीही थांबतं. मी हात केला तर माझ्याच गल्लीतला भाजीवाला थांबत न्हाई.

मला ह्या फिरण्याचा लई राग यायचा. लोक म्हणतील, सुनेनं म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलं. त्यात एक दिवस त्यांना देवळाच्या पायरीवर चक्कर आली. डॉक्टरनी बजावलं, एकट्यानं बाहेर पडायचं न्हाई. आबांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं असं मी समजले. माझंच चुकलं. ते मान कशालाही हलवतात.

त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. मी घरी ब्लाउज शिवते. लग्नसराई तोंडावर, कापडांचा ढीग पडलेला अन् कात्रीला धार न्हाई. कापड कापतच नव्हती मेली, नुसती चावत होती.

"आण इकडं," आबा म्हणले. "बडी सडकेवरून धार लावून आणतो."

"बिलकुल न्हाई. डॉक्टर काय म्हणले? एकट्यानं फिरायचं न्हाई."

"एकटा कुठं? अख्खा बाजार असतो की संगं."

"आबा, हात जोडते तुम्हाला, आज माझं डोकं नका खाऊ. गपचीप घरात बसा."

आबांनी टोपी घातली, कात्री पिशवीत टाकली, काठी घेतली.

"मंग जातो मी," म्हणले.

आमच्या घरात बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत न्हाई. 'येतो' म्हणायचं. ही सासूबाईंची शिस्त. लेकरू शाळेत निघताना चुकून 'जातो' म्हणलं, तर त्याला उंबऱ्याच्या आत बोलावून परत 'येतो' म्हणायला लावायच्या. आबांना हे माहीत न्हाई? मुद्दाम म्हणले ते.

"आबा, येतो म्हणा!" मी आतून ओरडले.

काठीचा आवाज गल्लीत लांब गेला. मी पण रागानं दार लोटलं अन् मशीन चालू केली. जाऊ द्या, म्हणलं, उन्हाचा चटका बसला की येतील.

ऊन चांगलं तापलं, तरी आबांचा पत्ता न्हाई. मंग फोन वाजला. आमची शेजारीण बेबीनंदा, बाजारात भाजी घ्यायला गेल्ती.

"सुरेखा, अगं तुझे आबा गेले बघ."

"काय?"

"आबा गेले गं. आत्ताच, वैकुंठरथातून. माझ्या समोरून गेले, मी हात जोडले. ओ भाऊ, ही कसली भेंडी भरून राह्यले? कवळी द्या ना!"

अन् फोन कट.

वैकुंठरथ म्हणजे आमच्याकडं प्रेत न्यायची गाडी. माझ्या हातातलं कापड खाली पडलं. माझे आबा गेले अन् हिला भेंडी कवळी पाहिजे! परत लावला तर उचलायला तयार न्हाई. आबांना लावला तर त्यांचा फोन देवघराशेजारी वाजला, चार्जिंगला लावलेला. तो वाजला तशी मी खालीच बसले. खिशात फोन न्हाई, नावाचा कागद न्हाई. चक्कर येऊन पडले असतील, कुणी ओळखलं नसंल, बेवारस म्हणून उचललं असंल. आता तिकडं नदीकाठच्या स्मशानात आपलं कुणी नसताना अग्नी देतील. अन् घरातून निघताना काय म्हणले? जातो.

मी नवऱ्याला फोन लावला. कल्याण त्यांचं नाव, अंकुशनगरला साखर कारखान्यात आहेत. हंगाम चालू, मागं नुसती घरघर.

"अहो, आबा गेले."

"कुठं?"

"कुठं काय! गेले!"

"एकट्याला जाऊ कशाला दिलं तू?"

मला हुंदका फुटला तेव्हा त्यांना समजलं. मंग "निघालो" म्हणले अन् फोन ठेवला.

पायात चप्पल कुठली घातली ते माहीत न्हाई. रिक्षात बसले. गांधी चमनचा चौक ओलांडला, पुलाच्या तोंडाशी आलो, तर लोखंडी सळयांचा ट्रक रस्त्यात आडवा. मागं गाड्यांची रांग, सगळे हॉर्न मारून राह्यलेले अन् हलत कुणीच न्हाई. "ताई, तासभर तरी सुटत न्हाई हे," रिक्षावाला म्हणला. मी उतरले अन् पळायला लागले. अन्‌ साडी पायात अडकून पडता पडता वाचले.

"वहिनी! तुम्ही रखमाजी आबांच्या ना?"

रिकामा हातगाडा घेऊन एक माणूस कडेकडेनं चालला होता. रामप्रसाद. आबांना सोडायला दोन-चारदा आमच्या दाराशी आल्ता.

"मला नदीच्या रस्त्याला जायचंय," मी म्हणलं. "जल्दी."

"मंग बसा की. आबा रोज बसतात."

एरवी मी बसले असते का? बसले. गोणपाटावर, कांद्याच्या टरफलात, मांडी घालून. रामप्रसादनं गाडा असा काही काढला की ट्रकच्या मागून कधी निघालो अन् पुलावर कधी आलो, समजलंच न्हाई.

"आज आबा न्हाई आले?" त्यानं मागून विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"आबा बसले की लई बरं पडतं," तो म्हणला. "मला वाकून ढकलताना पुढचं दिसत न्हाई. ते वरून बराबर सांगतात, इकडून घे, तिकडून घे. वहिनी, आता तुम्ही सांगा, पुढं काय आहे?"

मी पदरानं डोळे पुसले. "म्हैस आहे. उजवीकडून घ्या."

"घेतली. आता?"

"आता केळीवाला. थांबा थांबा, स्कूटरवाली बाई. हां, चला."

अशी मी रडत रडत त्याला रस्ता सांगत होते. बांगडीवाले, भांड्यांची दुकानं, साड्या टांगलेल्या दोऱ्या, सगळं डोळ्यासमोरून हळूहळू चाललेलं. अन् गाड्यावर बसलेल्या मला दर चार पावलांवर कुणी ना कुणी विचारत होतं, "आबा कुठंयत? बरेयत ना?" ह्या माणसाला बाजारात एवढे लोक ओळखतात, अन् त्याला बेवारस कसं ठरवलं असंल? पण तेव्हा एवढा विचार सुचतो कुणाला!

नदीकडं उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडाही अडला. आत कुणाची तरी वरात नुकतीच मंडपात गेल्ती, माणसांनी गल्ली ठासून भरलेली. नवरदेव उतरवून वसंता आपली पांढरी घोडी घेऊन माघारी चालला होता. कपाळावर गोंडे, गळ्यात घुंगरं, पाठीवर लाल मखमल.

"वसंता, ह्या आबांच्या सूनबाई," रामप्रसादनं हाक मारली. "घाईत आहेत. नदीकडं न्यायचंय."

"आबांच्या? मंग बसवा," वसंता म्हणला. "ही गल्ली आता घोडीशिवाय कुणाला वाट देत न्हाई."

"मी? घोडीवर?"

"आबा बसतात की!"

हे मला माहीत नव्हतं. माझ्या सासऱ्याचं मला काहीच माहीत नव्हतं, असं वाटायला लागलं. गाड्यावर उभी राह्यले, रामप्रसादनं हाताला धरलं अन् मी मखमलीवर जाऊन पडले. घुंगरं वाजली, गर्दी आपोआप बाजूला झाली. साडीच्या दुकानातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणीतरी ओरडलं, "अगं, नवरदेव कुठं सोडला?" माझ्या डोळ्यातून धारा लागलेल्या. मी घोडीची आयाळ घट्ट धरली अन् मनात एकच म्हणत होते, आबा, थांबा. तोंड तरी बघू द्या.

गल्ली संपली, नदीचा रस्ता लागला. समोर लिंबाखाली वैकुंठरथ उभा होता. पांढराशुभ्र, बाजूला फुलांची चित्रं.

अन् त्याच्या पलीकडं रसवंती. लाकडी बाकावर एक टोपी. टोपीखाली आबा. हातात उसाच्या रसाचा ग्लास, मिशीला फेस.

"आबा!"

मी असं किंचाळले की घोडी दोन पावलं मागं सरली. आबांनी वर बघितलं. ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली.

"सुरेखा? तू घोडीवर? लगीन कुणाचं?"

मी उतरले का पडले, देव जाणे. सुनेनं सासऱ्याच्या गळ्यात पडायची आमच्यात रीत न्हाई. मी पडले. घामाचा अन् तंबाखूचा वास आला, टोपी माझ्या गालाला घासली, त्यांचा श्वास ऐकू आला. जिवंत माणूस एवढा गरम असतो, हे मला त्या दिवशी समजलं. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसायलाच लागले. अन् हसून झाल्यावर जे भांडले!

"वैकुंठरथात कशाला बसले तुम्ही? दुसरी गाडी मिळाली न्हाई गावात?"

"ताई, चूक माझी," बाजूचा माणूस हात जोडून उभा राह्यला. रथाचा ड्रायव्हर देवानंद, आबांच्याच भोकरदन तालुक्यातला. "रथ रंगवून आणला, रिकामाच चालला होता. आबा उन्हात उभे दिसले. म्हणलं, पुढं माझ्या शेजारी बसा, सोडतो घरी. वाटेत इथं रस प्यायला थांबलो."

"लई आरामाची गाडी," आबा म्हणले. "बाकीच्या गाड्यांना लोक हॉर्न मारतात, हिला वाट देतात. वरून हात जोडतात. मी पण समद्यांना नमस्कार करून राह्यलो. बेबीनंदाला पण केला."

मला कल्याणची आठवण झाली. घाईनं फोन लावला.

"अहो, आबा आले!"

पलीकडून हळूच आवाज आला, "कुठून?"

"वैकुंठरथातून!"

मी फोन आबांच्या कानाला लावला. "कल्याण," आबा म्हणले, "रस पिऊन राह्यलो. तू जेवला का?" एवढा मोठा माणूस, एसटी स्टँडवर उभा राहून रडत होता. मला ऐकू येत होतं. "अरे, न्हाई जेवला तर जेवून घे," आबा म्हणले.

देवानंदनं मलाही रस पाजला, अन् आम्ही तिघं पुढं बसून वैकुंठरथातून घरी निघालो. ट्रक अजून तिथंच होता, पण लोकांनी गाड्या मागंपुढं करून आम्हाला वाट दिली. हात जोडले. आबांनी जोडले, मंग मी पण जोडले. पुलावर पिशवी घेऊन चाललेली बेबीनंदा दिसली. आमच्या दोघांकडं बघून तिनं नुसता हात हलवला, जसं काही झालंच न्हाई. तिला मी नंतर बघून घेतलं.

"आबा," मी म्हणलं, "राग आला तर मला बोला, वाटलं तर जेवू नका. पण 'जातो' म्हणून का निघाले? मला किती लागलं ते."

आबा समोर बघत होते. पिशवीतून कात्री काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. धार चकाकत होती.

"राग आल्ता, म्हणून म्हणलो," ते म्हणले. "पण गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो अन् तुझ्या सासूचा आवाजच कानात आला बघ. मंग माघारी आल्तो. दाराशी उभा राहून म्हणलो, येतो. पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणलो. तुझी मशीन चालू व्हती."

मी कात्री दोन्ही हातांत धरून बसले.

आबा अजून रोज बाजारात जातात. कशानं जातात, ते मी विचारत न्हाई. पण त्यांनी टोपी घातली की मी कितीही घाईत असले तरी मशीन बंद करते अन् हात मांडीवर घेऊन बसते. आबा उंबऱ्यात उभे राहतात, "येतो गं" म्हणतात.

"हो, या," मी म्हणते. मंग मशीन चालू करते.