जिंकू नकोस, तारीख घे

ओहायोतल्या सरोवराकाठच्या त्या शहरात भाडं थकलेल्यांसाठी पालिकेनं मदत योजना काढली. अर्जदारांपैकी ज्यांच्यावर घर खाली करण्याचा खटला चालू असेल, त्यांना फुकट वकील गाठून द्यायचं काम लॉरेन पेटवेच्या गळ्यात पडलं. काम सांगायला सोपं होतं. प्रत्यक्षात कोर्टाच्या इमारतीत वकील एका मजल्यावर, अशील दुसऱ्याच मजल्यावर, आणि लॉरेन दोन फोन कानांना लावून लिफ्टसमोर उभी, असं रोज चाले.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तिनं कोर्टाच्या तेराव्या मजल्यावर ओडेल टिब्स नावाच्या म्हाताऱ्याला वकील कॅलेब रीसच्या हवाली केलं. ओडेल शाळेची बस चालवायचा. साथीत शाळा बंद पडल्या आणि त्याचं भाडं थकलं. कॅलेब तरुण, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे ठाऊक असलेला. त्यानं कागद चाळले आणि खूश झाला. घरमालकिणीनं नोटीस चुकीच्या पद्धतीनं बजावली होती. दोन मिनिटांत खटला फेटाळला जाईल, म्हणाला.

लॉरेननं डोळे मिटून घेतले.

“जिंकू नकोस,” ती म्हणाली. “तारीख घे.”

कॅलेबला वाटलं, बाई थट्टा करतायत. मग तिनं त्याला योजनेचा नियम सांगितला, जो ती आठवड्यातून कितीदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे. खटला चालू असेल तर अर्ज आधी हाती घेतात. खटला संपला, की अर्ज साध्या रांगेत. साध्या रांगेत हिवाळा सरतो. तेवढ्यात मालकीण नोटीस नीट बजावून परत येणार, आणि आपण सगळे पुन्हा याच बाकावर बसणार. हा नियम बदला म्हणून तिनं योजनाप्रमुख प्रूइट यांच्याकडे किती खेटे घातले. ते म्हणत, हे कायदा विभागाचं. कायदा विभाग म्हणे, हे योजनेचं.

“तुमच्या योजनेसाठी मी माझ्या अशिलाची जिंकलेली केस सोडायची?” कॅलेब म्हणाला. “ते ठरवणार तो. मी नाही, आणि तुम्हीही नाही.”

त्याचं बरोबर होतं, म्हणून लॉरेन अधिकच वैतागली.

ओडेलनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग समोरच्या बाकाकडे हनुवटी करून म्हणाला, “हिला कुणी विचारलंत का?”

समोर त्याची मालकीण, हलिना वोइचिक, मांडीवर पर्स घट्ट धरून एकटीच बसली होती. तिला वकील नव्हता. ती वरच्या मजल्यावर राहायची, ओडेल खाली; वीस वर्षांचा शेजार. नोटीस दारावर लागली त्या दिवसापासून ओडेल तिच्याशी बोलला नव्हता. कचऱ्याचे दोघांचे डबे तो रस्त्यापर्यंत न्यायचा, आता फक्त आपला नेई.

कॅलेबनं त्याला सांगितलं, तुम्ही बोलू शकता, पण जपून. ओडेल उठला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“का केलंस हे, हलिना?”

“तुझ्यासाठीच केलं, गाढवा,” ती म्हणाली. “योजनेच्या फोनवरची मुलगी म्हणाली, केस टाका, म्हणजे तुमची फाइल हलेल. खटल्याची फी मी भरली. तुला सांगायला खाली आले तर तू दार उघडलं नाहीस.”

“दारावर ते चिकटवलं होतंस ना.”

“तेही तिनंच सांगितलं.”

लॉरेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या योजनेतून घर वाचवायचं, तीच योजना फोनवरून माणसांना कोर्टात पाठवत होती, आणि मग त्यांच्यासाठी वकील धुंडाळायला लॉरेनला पळवत होती. तिला ओरडावंसं वाटलं.

ओडेल कॅलेबकडे वळला. “तारीख घे, पोरा. नोटिशीतली ती चूक पुढं लागली तर राखून ठेव.”

न्यायाधीशबाईंनी कपाळाला आठ्या घालून चार आठवडे दिले. लॉरेननं दोघांनाही गाडीत घातलं आणि थेट प्रूइटांच्या कचेरीत नेलं. वाटेत दोघं भांडत होते, डबे कुणी न्यायचे यावरून. प्रूइट बैठकीत आहेत असं सांगण्यात आलं. लॉरेन म्हणाली, हरकत नाही, आम्ही बसतो. हलिनानं पर्समधून सँडविच काढलं आणि अर्धं ओडेलला दिलं. त्यानं ते घेतलं.

अखेर प्रूइट बाहेर आले. हलिनानं फोनवरच्या मुलीचं सांगणं शब्दन् शब्द ऐकवलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा पडला. असं होत असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. अर्ज त्याच आठवड्यात मंजूर झाला, हलिनानं खटला मागे घेतला, आणि महिन्याभरानं नियमही बदलला. खटला असो नसो, सगळ्यांची एकच रांग.

नियम बदलला त्या दिवशी लॉरेननं पहिल्यांदाच जेवणाची सुट्टी पूर्ण घेतली. परत आली तर तेराव्या मजल्यावर एक घरमालक तिची वाट बघत उभा होता. केस टाकली की फाइल हलते, असं त्याला त्याच सकाळी फोनवर सांगितलं होतं. फोनवाल्यांना नियम बदलल्याचं कुणी कळवलंच नव्हतं.

लॉरेननं त्याला बसायला सांगितलं आणि प्रूइटांचा नंबर फिरवला.